आंबट चहाची बखर

मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याच्या बाजूला आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. तेथे ओट्याच्या कोपऱ्यात, डाळीच्या डब्यांमागे, गेल्या आषाढापासून एक काचेची बरणी मुक्काम ठोकून आहे. तिच्या तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधलेले असते. आत तांबूस पाणी आणि त्या पाण्यावर तरंगणारा, भाकरीएवढा जाड, पांढुरका, बुळबुळीत असा एक पापुद्रा. घरी येणारा पाहुणा बरणीकडे एकदा पाहतो, मग माझ्याकडे पाहतो आणि विषय बदलतो. ह्या बरणीची हकीकत सांगायला बसलो तेव्हा ती दोन पानांत आटपेल असे वाटले होते. पण तिच्या मुळाशी जाता जाता मी माझ्या आजोळच्या माडाखाली कसा येऊन पोहोचलो हे माझे मलाच कळले नाही.

सुरुवात साधी आहे. आमची थोरली कन्या महाविद्यालयात जाते. एके दिवशी ती स्टेशनापलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, एका झगझगीत दुकानातून एक लहानशी बाटली घेऊन आली. म्हणाली, "बाबा, कोम्बुचा. आंबवलेला चहा आहे. पोटाला चांगला असतो." किंमत विचारली तर एकशे ऐंशी रुपये! मी एका लहानशा खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि त्या माझ्या प्रकाशकाखेरीज कोणालाही श्रीमंत करीत नाहीत, बहुधा त्यालाही नाही. एकशे ऐंशी रुपयांत आमच्या घरी पंधरा दिवसांची चहापत्ती येते. तरी घोटभर चाखून पाहिला. किंचित गोड, बराच आंबट, जिभेला टोचणारा. शिळ्या उसाच्या रसात कोणी व्हिनेगर पिळले असावे तसा. वाईट नव्हता. मी बाटली उचलून पाहिली तर तळाशी गाळासारखे काही तरंगत होते. मी म्हणालो, "हे तर विरजण दिसते. विरजण मिळाले की दही घरी लागते." कन्येने हसून मान हलवली, बापाची काटकसर तिला नवी नाही.

बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापले होते की हे दोन हजार वर्षांपूर्वीचे चिनी अमृत आहे. इतिहास हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण मुलांना सनावळ्या शिकवून शिकवून एक सवय लागली आहे, की कोणी 'दोन हजार वर्षे' म्हटले की मी आधी खिसा सांभाळतो. मग शोध घेतला. हे अमृत चीनच्या छिन घराण्याच्या वेळचे, म्हणजे इसवी सनापूर्वी २२१च्या आसपासचे, असे एक सांगतो. दुसरा सांगतो की इसवी सन ४१४ साली कोम्बु नावाचा एक कोरियन वैद्य हे पेय घेऊन जपानच्या बादशहाकडे गेला आणि त्याच्यावरून हे नाव पडले. दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण पुरावा एकीलाही नाही. जपानी भाषेत 'कोम्बु' म्हणजे समुद्रातले एक शेवाळ. जपानात कोम्बुचा मागितला तर त्या शेवाळाचा खारट काढा पुढे येतो. ह्या आंबट चहाला तिकडे 'कोचा किनोको', म्हणजे लाल चहाचे अळंबे म्हणतात आणि १९७५च्या सुमारास त्याची जपानात एकच लाट उसळली होती. म्हणजे नावसुद्धा चुकून चिकटलेले!

शिवाय साधा विचार करा. हे पेय आंबते ते साखरेवर. उसाची साखर रांधण्याची विद्या चीनने शिकली ती सातव्या शतकात, आणि शिकली कोणाकडून? आपल्याकडून. थांग घराण्यातल्या ताइझुंग बादशहाने ती शिकण्यासाठी माणसे मगधात धाडली होती अशी चिनी इतिहासातच नोंद आहे. आणि ज्या काळ्या चहावर हा पापुद्रा धरतो तो चहा तर त्याहून कितीतरी अलीकडचा, सतराव्या शतकाच्या आसपासचा. मधावरही असा प्रकार करता येतो हे मला ठाऊक आहे, तेव्हा अशक्य असे मी म्हणत नाही. पण दोन हजार वर्षांचा दाखला दुकानदाराने आधी दाखवावा आणि मग एकशे ऐंशी रुपये मागावे.

खात्रीचा इतिहास शे-सव्वाशे वर्षांपलीकडे फारसा जात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात हे 'चहाचे अळंबे' घरोघर फिरत होते. एका घरचा पापुद्रा वाढला की त्याचा तुकडा शेजारणीच्या बरणीत. १९१३ साली लिंडाऊ नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, आणि ते देताना त्याला त्यात समुद्रातल्या मेड्युसाचे, म्हणजे जेलीफिशचे, रूप दिसले. आमच्या धाकट्या चिरंजीवांनाही तेच दिसले होते. त्यांनी बरणीला 'भूत' असे नाव ठेवले. अळंबे म्हणत असले तरी ते अळंबे मुळीच नव्हे. त्याच्या आधी, १८८६ साली, ब्राउन नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने सिरक्यात वाढणारा एक जंतू वर्णिला होता. तो जंतू पाण्यावर कापसासारख्या तंतूंची सायच विणतो. आणि त्याही आधी फ्रान्समध्ये पाश्चरने १८६८ साली सिरक्यावर एक पुस्तक लिहून सांगून टाकले होते की दारूचा सिरका होतो तो आपोआप नव्हे, जिवंत जंतूंमुळे होतो. तेव्हा बरणीत चालते ते इतकेच : यीस्ट साखर खाऊन मद्यार्क करते, आणि हा विणकर जंतू त्या मद्यार्काचे आम्ल करतो. एकाचे उष्टे दुसऱ्याचे जेवण.

हे वाचले आणि मी थोडा थबकलो. कारण हीच जोडगोळी आणखी एका ठिकाणी पिढ्यान्पिढ्या नांदत होती, आणि ते ठिकाण चीन नव्हे, वसई. पण ते पुढे.

आधी चहाचे सांगतो. चहा हा इंग्रजांनी आणला अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे. मँडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेला होता. तेथे रोजच्या बैठकीत चहा घेतात असे तो लिहून गेला. पुढे १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा पाद्री मुंबई-सुरतेला आला. मुंबईच्या हवेविषयी त्याने लिहिले ते प्रसिद्धच आहे, की येथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. सुरतेचे वाणी लोक चहात उष्ण मसाले उकळून, खडीसाखर घालून, आणि षोकीन असतील तर मुरवलेली लिंबे घालून, डोकेदुखी आणि पोटातल्या मुरड्यावर पितात हेही त्याने टिपून ठेवले. म्हणजे आपला मसाल्याचा चहा औषध म्हणून तीनशे वर्षांपूर्वी हजर होता. पण तो बंदरावरच्या पेढ्यांतला. घाटावरच्या आणि कोकणातल्या घरांत तो शिरायला फार वेळ लागला.

तो शिरताना काय गोंधळ झाला हे पुण्याच्या पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून दिसते. १८९०च्या ऑक्टोबरात तेथे एका सभेला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी गेली होती. सभा संपल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी प्यायले, कोणी नुसता पेला हाती धरून बसले. झाले! गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभवा'त छापून टाकली. त्यात रानडे आणि टिळक, दोघेही. सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, ग्रामण्य माजले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी शेवटी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, ते मित्रांच्या अडचणीसाठी. रमाबाईंनी त्या दिवसांविषयी आपल्या आठवणींत लिहिले आहे. ते वाचताना एका पेल्याने एका घरात केवढे वादळ उठवले हे कळते. मला ह्या प्रकरणाची नेहमी मौज वाटते. पेल्यात काय आहे ह्यापेक्षा तो कोणाच्या हातचा आहे यावर सारा वाद! पेयांचा इतिहास बहुधा असाच असतो.

पुढे मळेवाल्यांना विलायतेत माल खपेना म्हणून आपल्या पोटाची आठवण झाली. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्यातून चहाचा प्रचार सुरू झाला; रेल्वेची स्टेशने, गिरण्या, बाजार, जेथे माणूस दमून उभा राहतो तेथे चहाची किटली उभी राहिली. ते एवढे साधले की आज आम्हा मराठी माणसांना चहा सोडून दुसरे कोणते पेय आपले होते हे आठवावे लागते. ते आठवण्याचे काम ह्या बरणीने केले.

कारण आपल्याकडे आंबट पेयांचा दुष्काळ कधीच नव्हता. चरकाने सूत्रस्थानात चौऱ्यांशी आसवे मोजली आहेत. सुश्रुतात कांजी आहे. आपल्या घरात आंबील होती. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ताकात रात्रभर भिजवायचे, सकाळी शिजवून, लसूण-जिरे लावून प्यायचे. हिला फ्रिज नको, कुठली खास बाटली नको. आणि समुद्रकाठी माडी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : माडापासून निघते ती माडी, ताडापासून ताडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून, हळूहळू ठोकून, तिचे टोक रोज पातळ कापीत जायचे आणि खाली मडके बांधायचे. पहाटे उतरवली तर गोड नीरा, उन्हे चढली की फेसाळलेली माडी, आणि पंधरा दिवस ठेवून दिली तर सिरका. वसईच्या ख्रिस्ती घरांतून फुग्यांचे पीठ ह्या माडीवरच फुगवीत आणि मटणाला तिचाच सिरका लागे. त्या सिरक्याच्या बरणीवर पांढुरका पापुद्रा धरतो.

माझे आजोळ वसईकडचे, भंडाऱ्यांचे. आईचे वडील माड छेदीत. माडावर चढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजाद धंदा, शिपाईगिरीही त्यांचीच. मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आले तेव्हा गव्हर्नर आँजियरने पहारा करायला जी पलटण उभारली ती भंडाऱ्यांची, आणि मुंबईच्या पोलिसांची वंशावळ काढणारे तेथूनच ती काढतात. म्हणजे ज्या जातीने ह्या शहराचा पहिला पहारेकरी दिला तिच्याच घरी पुढे पहारेकरी मडकी फोडायला आले. हे कसे झाले, ते कायद्याच्या पुस्तकात आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्याला अबकारी कायदा लागू झाला. तोवर माडाचा रस काढणे, आंबवणे, घरच्या भट्टीत गाळणे हे थोडा कर भरून चाले. आता झाड छेदायला परवाना, झाडामागे कर, आणि दारू गाळायची तर सरकारने नेमलेल्या जागी, विकायची तर लिलावात घेतलेल्या दुकानात. ज्या आयुक्ताच्या हाती हे खाते होते त्याच्या हाती आणखी काय काय होते? जकात, मीठ आणि अफू. एकाच टेबलावर माणसाचे मीठ आणि माणसाची माडी! करांचा बोजा वाढत गेला तसे ठाणे-कुलाब्याकडचे भंडारी कुरकुरले, अर्ज केले, झाडे छेदायचे सोडले. पण खजिन्याला चटक लागली होती. मग १८९२ साली मोहाचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगायलासुद्धा बंधन. आमचे मुलुंड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. येऊरच्या डोंगरातल्या वारली-ठाकरांना, ज्यांच्या दारात मोह गळतो, फुले वेचणे हा गुन्हा ठरला. कल्पना करा, सड्यावर पडलेले फूल उचलले आणि गुन्हेगार झालो!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दारूने घरे बसतात हे मी शाळामास्तर म्हणून रोज पाहतो. वहीऐवजी मार खाऊन आलेली मुले माझ्या वर्गात बसतात. जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेत असताना, १८८० साली, दारूच्या वाढत्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला तो काही उगीच नव्हे. पण त्यांचा राग होता तो गुत्त्यांवर, आणि गुत्ते वाढवले ते लिलावाने. घरची मडकी आणि सरकारी गुत्ता ह्यांत फरक होता; पुढे आपण दोन्हींना एकाच काठीने हाणले.

ती काठी स्वराज्यात आली. प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी पुकारली. खाते होते डॉक्टर गिल्डरांकडे. युद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५०च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण बंदी आली. बलसारा नावाच्या एका गृहस्थांनी त्याविरुद्ध दाद मागितली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातली काही कलमे रद्द केली, बाकीचा कायदा राहिला. अनेक फेरफारांनिशी तो आजही आहे. त्या कायद्याने नीरेला वाट ठेवली. परवाना घ्या, मडक्याला आतून चुना फासा म्हणजे रस आंबणार नाही, आणि नीरा विका. उपनगरी गाड्यांच्या स्टेशनांवर नीरेच्या टपऱ्या आल्या त्या ह्यातूनच. आजोबांना परवाना मिळाला नाही. आई सांगते, ते म्हणत, "मडक्याला चुना लावायला सांगितला, आणि लावला आम्हाला."

१९६० सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई तेव्हा आठ वर्षांची. पहाटे दोन शिपाई आले. ओसरीच्या कोनाड्यात सिरक्याची एक बरणी होती, परसात माडीची तीन मडकी. मडकी त्यांनी काठीने फोडली. बरणीचे काय करावे हे त्यांना कळेना; वास आंबट, पण माडीचा नव्हे. मग एकाने तीही लवंडून दिली. आईला नेमके आठवते ते हे, की तो जाड पापुद्रा शेणाने सारवलेल्या ओसरीवर पडला आणि कोंबड्या त्याच्यावर धावल्या. आजोबा तीन महिने तुरुंगात होते. सुटल्यावर ते गावी राहिले नाहीत. मुलुंडला त्यांचा एक मेव्हणा मिठागरावर होता. तेथे मीठ ओढायला लागले. माडावरून उतरलेला माणूस गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहिला. त्यानंतर आमच्या आजोळी माडीचे नाव कोणी काढले नाही. आजीने तर घरात आंबीलसुद्धा बंद केली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वास गेला तर काय म्हणेल! सकाळी उठून सगळ्यांनी चहा घ्यायचा. चहाला कोणी काठी मारीत नव्हते.

हे सारे मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होते. एकत्र कळले ते बरणीमुळे.

झाले असे. कन्येच्या बाटलीतला तळाचा घोटभर गाळ मी राखून ठेवला. लिटरभर पाणी उकळून त्यात दोन चमचे साधी चहापत्ती घातली, गाळून पाऊण वाटीच्या आत साखर विरघळवली, पूर्ण गार होऊ दिले, मग तो गाळ ओतला. पहिला खेळ फसला. आठवड्याने वर हिरवी बुरशी आली आणि मी सगळे मोरीत ओतले. चूक अशी की जुने आंबट पाणी फार थोडे होते. सुरुवातीलाच पुरेसे आम्ल नसेल तर बुरशी पहिली येऊन बसते. दुसऱ्या खेपेला कन्येला आणखी एक बाटली आणायला लावली आणि तिच्यातली अर्धी लिटरभर चहात घातली. आषाढाची दमट हवा. अठरा दिवसांत पाण्यावर आधी पातळ काच, मग साय, मग पापुद्रा. आता तो धरल्यावर दर खेपेला मागचे कपभर आंबट पाणी राखून ठेवले की झाले; उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांत आणि थंडीत दहाएक दिवसांत नवे पेय तयार होते.

हिशेब मांडायची सवय आहे म्हणून मांडतो. पंचाहत्तर ग्रॅम साखर, साडेतीन रुपये. आठ ग्रॅम पत्ती, चार रुपये. गॅस धरून लिटरला दहा रुपयांच्या आत. त्या झगझगीत दुकानात तेवढ्याला पाच-सहाशे पडतात. मात्र काटकसरीलाही मर्यादा आहेत. बरणी काचेचीच हवी. पितळेचे, तांब्याचे भांडे चालायचे नाही, आम्ल धातू ओढते. आणि लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणीही नको. तिच्या झिलईत शिसे असू शकते, आणि १९९८ साली ऑस्ट्रेलियात अशाच भांड्यात केलेल्या ह्या चहाने शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. १९९५ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यात हे पेय रोज घेणाऱ्या दोन बायका अत्यवस्थ झाल्या, एक दगावली. दोष पेयाचाच असे सिद्ध झाले नाही, पण तेव्हापासून शहाणी माणसे ते घोटघोट घेतात. गर्भारशीने आणि लहान मुलांनी घेऊच नये. अमृत-बिमृत काही नाही. पोटाला बरे वाटते म्हणतात. मला ताकानेही वाटते.

आणि मद्यार्क? असतो. थोडा, पण असतो. अर्धा टक्क्याच्या वर गेले की आपल्या अन्नसुरक्षेच्या २०१८च्या नियमांत ते मद्य; आणि घरच्या बरणीत, विशेषतः फळ घालून झाकण घट्ट लावले तर, ही रेषा केव्हा ओलांडली जाते हे बरणी सांगत नाही. म्हणून मी झाकण लावीत नाही, फडकेच बांधतो. आजोबांची मडकी फुटली त्याच रेषेच्या अलीकडे-पलीकडे आज दुकानातली शीतकपाटे भरलेली आहेत, त्यांवर छान छान चित्रे आहेत, आणि ती विकत घ्यायला रांग आहे. मला कोणावर राग नाही. पण ती रांग पाहिली की मिठात उभे असलेले आजोबा दिसतात, एवढे खरे.

आईला मी बरणीविषयी सांगितले नव्हते. ती माझ्या भावाकडे असते. श्रावणात आमच्याकडे आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबली. नाक वर केले. मग डाळीचे डबे बाजूला सारून तिने बरणी पाहिली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

"हे कोणी घरात आणलं?"

"आई, चहा आहे तो. नुसता चहा. मुलीनं आणलेला…"

"मला शिकवू नकोस. ह्याचा वास मला ठाऊक आहे. टाकून दे."

मी कायदा सांगितला, बाजारभाव सांगितला, पाश्चरसुद्धा सांगितला. तिने काही ऐकले नाही. त्या दिवशी ती ओट्याशी उभी राहिली नाही, जेवली तेही बाहेरच्या खोलीत. रात्री मी बरणी उचलून मोरीपर्यंत नेली हे कबूल करतो. इतिहासाचा अभ्यास एकीकडे आणि आईचे न जेवणे एकीकडे. तेवढ्यात मागून ती आली. म्हणाली, "थांब." फडके सोडले. पापुद्रा बोटाने किंचित दाबला, बोट नाकाशी नेले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अजून कच्चं आहे. दोन दिवस राहू दे. बाबा असेच बघायचे." आणि फडके पुन्हा बांधून, बरणी तिच्या जागी ठेवून, निजायला गेली.

दोन दिवसांनी सकाळी तिनेच ती काढली. एक चमचा तोंडात घेतला, डोळे मिटले. आवडले की नाही हे मी विचारले नाही. त्या दिवसापासून बरणी केव्हा काढायची हे आई ठरवते. मी आणलेली आम्ल मोजायची कागदी पट्टी ड्रॉवरमध्ये पडून आहे. तिच्या नाकाची आणि पट्टीची मी दोनदा गुपचूप गाठ घालून पाहिली. दोन्ही वेळा नाक बरोबर निघाले.

गेल्या आठवड्यात शेजारच्या भानुबेन संध्याकाळी वाटी घेऊन दारात आल्या. त्यांच्या सुनेला घरी हा चहा करून पाहायचा होता. पापुद्र्याचा तुकडा आणि थोडे आंबट पाणी मागत होत्या. मी सुरी काढली. बाहेर दिवेलागण झाली होती, फराळाच्या तळणीचा वास जिन्यात भरला होता. आईने माझा हात धरला आणि भानुबेनना म्हणाली, "बेन, वाटी ठेवून जा. तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत. सकाळी मी स्वतः घेऊन येईन."